राखलेला ठिपका, लावलेला ठिपका

चित्रकलेच्या तासाला यिन-यांगची आकृती, म्हणजे एक काळा आणि एक पांढरा असे दोन भाग आणि प्रत्येकाच्या पोटात दुसऱ्याच्या रंगाचा ठिपका असलेले ते चिनी वर्तुळ, फळ्यावर काढून दाखवणे हा माझा अनेक वर्षांचा शिरस्ता होता. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना कर्तव्यभूमिती नकोशी वाटते. कंपास हातात घेतला की त्यांचे चेहरे उतरतात. अशा वेळी ही आकृती कामाला येत असे. ६ सेंटीमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढायचे, त्याचा उभा व्यास आखायचा, व्यासाच्या वरच्या अर्ध्यावर ३ सेंटीमीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ एका बाजूला आणि खालच्या अर्ध्यावर तेवढेच अर्धवर्तुळ दुसऱ्या बाजूला काढायचे, आणि मग मधली सरळ रेघ पुसून टाकायची. रेघ पुसली जाताच वर्तुळात दोन मासे एकमेकांचा पाठलाग करू लागतात आणि वर्गात हमखास कोणाच्या तरी तोंडून ‘अरे!’ निघते. गणिताची गोडी असलेल्या मुलांना मी पुढचा प्रश्न घालत असे, की एकट्या काळ्या माशाच्या कडेची लांबी किती भरेल? ती संपूर्ण वर्तुळाच्या परिघाएवढीच भरते. क्षेत्रफळ निम्मे, पण कड मात्र पूर्ण वर्तुळाची. आकृतीतली ही गंमत मला आजही जुनी वाटत नाही.

एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने हात वर करून सांगितले, “सर, काळ्यातला पांढरा ठिपका रंगवायचा राहिलाय.” मी सवयीने उत्तर दिले, “राहिलेला नाही, राखलेला आहे.” जलरंग शिकवणारा कोणीही हेच म्हणेल, कारण जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, जिथे पांढरे हवे तिथला कागद कोरा राखायचा असतो. मुलीचे समाधान झाले, तास संपला. मात्र त्या उत्तराचा दुसरा अर्धा भाग माझ्या ध्यानात तेव्हा आला नव्हता: काळ्यातला पांढरा ठिपका राखलेला असतो हे खरे, पण पांढऱ्यातला काळा ठिपका मुद्दाम कुंचला टेकवून लावावा लागतो. दिसायला दोन्ही ठिपके सारखे असले, तरी त्यांचे जन्म निराळे आहेत. हे लक्षात यायला मला एक चिनी चित्रपट पाहावा लागला, आणि तो पाहिल्यापासून पडद्यावरच्या परस्परविरोधी पात्रांकडे पाहण्याची माझी रीत थोडी बदलली.

चित्रपटाकडे वळण्यापूर्वी या दोन शब्दांविषयी थोडे सांगणे भाग आहे. यिन म्हणजे डोंगराची सावलीकडची बाजू आणि यांग म्हणजे उन्हाकडची बाजू, असा या शब्दांचा मूळ अर्थ. मराठीला हे समजायला जड जाऊ नये, कारण ‘ऊन-सावली’ हा जोडशब्द आपण रोजच्या बोलण्यात सुखदुःखापासून पावसाळी हवेपर्यंत सगळीकडे वापरतो. वाईला राहत असताना मी हे रोज पाहत असे. पसरणी घाटाच्या बाजूचा डोंगर सकाळी उन्हात न्हालेला असे, आणि दुपार कलली की त्याच डोंगराची सावली हळूहळू गावाच्या दिशेने उतरू लागे. सकाळी जो उतार यांग होता तो संध्याकाळी यिन होतो. डोंगर जागचा हलत नाही आणि त्याचे चारित्र्यही बिघडत नाही. पुढे या जोडीला कोमल आणि कठोर, पाणी आणि अग्नी, स्त्री आणि पुरुष, स्थिर आणि चल असे अर्थ चिकटले, पण त्यांत सज्जन आणि दुर्जन ही जोडी नव्हती. आपल्याकडे देव-दानव, पांडव-कौरव अशा जोड्यांची सवय असल्यामुळे काळा भाग दिसताच आपण त्यात खलनायक शोधू लागतो, आणि तिथेच फसतो.

त्यामुळेच नायक आणि खलनायक समोरासमोर उभे राहिले की ‘ही यिन-यांगची जोडी’ असे लिहून मोकळे होणाऱ्यांशी माझे पटत नाही. दोन माणसे एकमेकांच्या विरुद्ध असणे ही फार साधी गोष्ट आहे. कुठल्याही मारधाडपटात ती सापडते. यिन-यांग म्हणण्यासाठी आणखी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे प्रत्येकाच्या पोटात दुसऱ्याचा ठिपका असला पाहिजे, आणि दुसरी म्हणजे एक टोकाला पोहोचला की त्यातून दुसरा जन्मला पाहिजे. आकृतीत पाहा, काळा मासा जिथे सर्वांत फुगीर होतो तिथेच पांढऱ्या माशाची शेपटी सुरू होते. मराठीत ‘अति तेथे माती’ म्हणतात, ते या विचाराच्या जवळचे आहे, पण तंतोतंत तेच नाही. आपल्या म्हणीत अतिरेकाचा शेवट नाशात होतो, तर चिनी विचारात अतिरेकाच्या पोटी त्याचा विरोधक जन्म घेतो.

ज्या चित्रपटाविषयी लिहायचे आहे तो झांग यिमोऊ यांचा २०१८ सालचा ‘शॅडो’. मूळ चिनी नाव ‘यिंग’, म्हणजे सावली. त्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात तो स्पर्धेबाहेर दाखवला गेला, आणि तैवानच्या गोल्डन हॉर्स पुरस्कारांत दिग्दर्शन, कलादिग्दर्शन, वेशभूषा-रंगभूषा आणि दृश्य परिणाम असे चार पुरस्कार त्याला मिळाले. मी तो पाहिला एका मित्राच्या घरी, जुलैच्या एका संध्याकाळी, बाहेर पाऊस कोसळत असताना आणि दाराशी चार ओल्या छत्र्या उघड्या वाळत ठेवलेल्या असताना. छत्र्यांचा हा उल्लेख उगाच केलेला नाही, हे पुढे कळेल.

कथा पेई नावाच्या काल्पनिक राज्यात घडते, पण तिचा कच्चा माल चीनमधल्या तीन राज्यांच्या काळातला, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला आहे. पेईचे जिंगझोऊ हे शहर यांग त्सांग नावाच्या सेनानीच्या ताब्यात आहे. पेईच्या तरुण राजाला युद्ध नको आहे, तर त्याच्या सेनापतीला, झीयूला, शहर परत हवे आहे. सेनापती यांग त्सांगशी द्वंद्व करताना घायाळ झाला आणि त्या जखमेने तो खंगत चालला आहे. हे कोणाला कळू नये म्हणून तो स्वतःच्याच वाड्याखालच्या गुप्त तळघरात लपून राहतो आणि दरबारात त्याच्या जागी त्याच्यासारखा हुबेहूब दिसणारा एक तोतया वावरतो. हा तोतया लहानपणी सापडलेला मुलगा. ज्या शहरातून तो आला त्याच शहराचे नाव त्याला दिले गेले आहे. खरे काय ते ठाऊक आहे सेनापतीची पत्नी झ्याओ आय हिला. ती दिवसा तोतयाच्या शेजारी पत्नी म्हणून उभी राहते आणि नंतर तळघरात उतरून नवऱ्याची शुश्रूषा करते.

तोतया हा विषय मराठी वाचकाला नवा नाही. पानिपतानंतर उपटलेल्या सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची हकीकत आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण तो तोतया भाऊ मेल्यानंतर आला होता. इथे मूळ माणूस जिवंत आहे, आणि खरी पंचाईत तीच आहे. आपल्या चित्रपटांतल्या दुहेरी भूमिकांचेही असेच. एक भोळा आणि एक धीट, किंवा एक सज्जन आणि एक गुंड, आणि प्रेक्षकाचा गोंधळ होऊ नये म्हणून एकाच्या गालावर तीळ किंवा ओठावर मिशी. तो तीळ म्हणजे एक प्रकारे आकृतीतला ठिपकाच, फक्त तिथे तो ओळखपत्रासारखा वापरलेला असतो. अकिरा कुरोसावा यांचा ‘कागेमुशा’ (१९८०) याच वाटेवरचा आहे. त्यात एक भुरटा चोर मेलेल्या सरदाराची जागा घेतो आणि हळूहळू त्या भूमिकेत विरघळून जातो. तिथेही मूळ पुरुष निघून गेलेला असतो. ‘शॅडो’मध्ये मात्र सावली पाडणारा जिवंत आहे, रोज आणखी वाळत चालला आहे, आणि सावली रोज आणखी भरत चालली आहे.

हे वाळणे आणि भरणे अक्षरशः घडवून आणले आहे. दोन्ही भूमिका डेंग चाओ यांनी केल्या. आधी धडधाकट तोतयाचे चित्रीकरण झाले, मग मध्यंतरी त्यांनी सुमारे २० किलो वजन उतरवले आणि सेनापतीचे चित्रीकरण झाले. पिंजारलेले केस, खोल गेलेले डोळे, बरगड्या मोजता येतील अशी छाती आणि खोकल्याने अर्धवट राहणारी वाक्ये, असा हा सेनापती पाहिला की दोघे एकच नट आहेत हे आठवून द्यावे लागते. त्यात आणखी एक मौज अशी, की झ्याओ आयची भूमिका करणाऱ्या सुन ली या डेंग चाओ यांच्या प्रत्यक्षातल्या पत्नी आहेत; म्हणजे पडद्यावर ती ज्या दोन पुरुषांमध्ये सापडली आहे ते दोघेही तिचाच नवरा. सुन ली यांच्या नजरेतला संकोच मला त्यामुळे अधिकच कौतुकाचा वाटला.

आता रंगांविषयी. याच दिग्दर्शकाने २००२ सालच्या ‘हीरो’मध्ये लाल, निळा, हिरवा, पांढरा असे रंग पडद्यावर अक्षरशः ओतले होते. कॅमेरामन म्हणून शिक्षण घेतलेल्या माणसाची ती भूक समजण्यासारखी आहे. इथे त्याने सगळी रंगपेटी बाजूला ठेवली आहे. नेपथ्य, कपडे, पडदे, दगड, आभाळ, सगळे काळ्या-करड्या छटांत आहे, आणि हे नंतर यंत्रावर रंग काढून टाकून साधलेले नाही. वस्तूच त्या छटांच्या बनवल्या आहेत. त्यामुळे माणसांची त्वचा त्वचेच्याच रंगाची दिसते आणि रक्त लाल दिसते. वस्त्रांवर शाई पाण्यात पसरावी तसे डाग आहेत. चिनी शाईचित्रांच्या परंपरेत शाईला पाच रंग असतात असे म्हणतात, म्हणजे एकाच काळ्या शाईतून पाणी कमी-जास्त करून पाच छटा काढता आल्या पाहिजेत. मुलांना मी हाच सराव देत असे. थाळीत शाईचा एक थेंब आणि मग पाण्याचा एकेक थेंब वाढवत जायचे. तिसऱ्या-चौथ्या पट्ट्याला मुले कंटाळतात, आणि नेमकी तिथूनच डोळ्याला मजा येऊ लागते.

मला या चित्रपटाचे खरे यिन-यांग या करड्या छटांत दिसते, आणि दिग्दर्शकाने जिथे ती आकृती उघडपणे मांडली आहे तिथे ते मला कमी दिसते, हेही सांगून टाकतो. तळघरातल्या सरावाच्या जागी जमिनीवर ते दोन मासे भले मोठे कोरलेले आहेत आणि कॅमेरा वरून ते पुन्हा पुन्हा दाखवतो. एकदा दाखवले असते तर पुरे होते. शिवाय दोन माशांचे आणि दोन ठिपक्यांचे हे रूप तिसऱ्या शतकाच्या मानाने फार उशिरा रुळलेले आहे. अकराव्या शतकात झोऊ दुनयी यांनी मांडलेली आकृतीसुद्धा वेगळी, एकाखाली एक वर्तुळांची होती. राज्य काल्पनिक असल्यामुळे ही चूक म्हणता येणार नाही, पण फळ्यावर आकृती काढून झाल्यावर मास्तरांनी तिच्याखाली नावही लिहावे, तसे काहीसे ते वाटते.

त्याच जमिनीवर घडणारा सरावाचा प्रसंग मात्र चित्रपटाचा गाभा आहे. यांग त्सांगचे शस्त्र म्हणजे लांब दांड्याची जड तलवार. तिचा घाव वरून, सरळ आणि प्रचंड ताकदीने येतो. (या सेनानीचे आडनाव ‘यांग’ वेगळ्या अक्षराने लिहितात आणि त्याचा अर्थ एका झाडाचे नाव असा आहे, पण चिनी कानाला त्याचा उच्चार उन्हाच्या ‘यांग’सारखाच ऐकू येतो, हा योगायोग असेल असे मला वाटत नाही.) त्या तलवारीला उत्तर म्हणून तोतयाच्या हाती दिली जाते छत्री. लोखंडी, पात्यांची बनवलेली, पण घडण छत्रीचीच. सुरुवातीला तोतया ती ढालीसारखी वापरतो, जोराला जोर देतो आणि पुन्हा पुन्हा पडतो. आजारी सेनापती काठी घेऊन त्याला मारत सुटतो. तेव्हा झ्याओ आय पुढे येते आणि सुचवते, की छत्री बाईच्या चालीने चालवून पाहावी.

ती स्वतः छत्री हातात घेते. वरून पाणी गळते आहे, पायांखाली पाणी साचले आहे. तिचे खांदे सैल आहेत, कंबर वळते, पाऊल टेकण्याआधी घसरते आणि मग ठरते. छत्री समोरून येणाऱ्या घावाला अडवत नाही, तर गोल फिरून त्याला वाट करून देते. घाव छत्रीच्या उतारावरून पाण्यासारखा ओघळतो, आणि घाव घालणारा स्वतःच्याच जोराने पुढे झुकतो. मग तोतया तिच्या मागे उभा राहून तिच्या हालचाली स्वतःच्या अंगात घेऊ लागतो. धिप्पाड योद्ध्याच्या देहात बाईचा डौल उतरतो, सुरुवातीला थोडा विनोदी, मग अवघडलेला आणि शेवटी घातक. छत्रीच्या पात्यांवरून उडणारे थेंब, दोघांची एकाच लयीत हलणारी सावली आणि बाजूला खोकत बसलेला नवरा, हे तिन्ही एका चौकटीत आले तेव्हा खोलीतले आम्ही सगळे काही क्षण गप्प होतो. बाहेरच्या पावसाचा आवाज कुठे संपतो आणि पडद्यावरच्या पावसाचा कुठे सुरू होतो, ते कळेना.

‘महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती’ हे तुकोबांचे वचन अशा वेळी मराठी माणसाच्या ओठांवर येणारच, आणि माझ्याही आले. नंतर विचार करताना मात्र एक फरक जाणवला. लव्हाळे वाकते आणि वाचते. पुराशी त्याचे भांडण नसते, आणि पूर ओसरला की ते पुन्हा उभे राहते. चिनी छत्री वाकते ती वार करण्यासाठी. ती नम्र नाही. ताओ परंपरेत पाण्याइतके मऊ काही नाही आणि कठीण वस्तू झिजवण्यात पाण्याइतके समर्थही काही नाही असे मानतात. त्या विचारात कोमलता हा सद्गुण असण्यापेक्षा एक शक्ती आहे, आणि शक्ती म्हटली की ती चांगल्या-वाईट कोणत्याही हाती जाऊ शकते. पेईचे सैनिक पुढे याच लोखंडी छत्र्यांमध्ये अंग चोरून शत्रूच्या उतरत्या रस्त्यावरून भोवऱ्यासारखे घसरत जातात. पाण्याचा लोंढा शहरात शिरावा तसे ते दृश्य आहे, आणि त्यात करुणेचा लवलेश नाही.

आपल्याकडे स्त्री-पुरुष एका देहात दाखवायचे म्हणजे अर्धनारीनटेश्वर. घारापुरीच्या लेण्यातली ती भव्य मूर्ती मी दोन वेळा विद्यार्थ्यांना दाखवायला नेले आहे. तिथे विभागणी उभी आहे. एक बाजू त्याची, एक तिची, आणि नंदीवर टेकलेल्या हातामुळे आलेल्या बाकाने ती रेघ थोडी कलते इतकेच. यिन-यांगची रेघ मात्र नदीसारखी वळणे घेते, आणि म्हणूनच तोतयाच्या देहात ‘इथपर्यंत पुरुष, इथून पुढे स्त्री’ अशी खूण करता येत नाही. एका देहात दोन देवता नांदत आहेत असे ते दिसत नाही. एकाच हालचालीची सुरुवात एक असते आणि शेवट दुसरा.

इथे मी पुन्हा त्या दोन ठिपक्यांकडे येतो. सेनापती झीयू हा चित्रपटातला काळा मासा आहे असे मानू. तो अंधारात राहतो, कट रचतो, माणसे सोंगट्यांसारखी हलवतो आणि राज्यहिताच्या नावाखाली त्याला स्वतःसाठी काय हवे आहे ते हळूहळू उघड होत जाते. पण त्याच्यात एक जागा कोरी राहिली आहे. तो आणि त्याची पत्नी एकत्र तंतुवाद्य वाजवतात. वर उघड्यावर तोतया यांग त्सांगशी झुंजत असताना तळघरात हे दोघे समोरासमोर बसून वाजवत आहेत आणि दृश्य इकडून तिकडे जात राहते. तारेवरचे बोट आणि छत्रीवरचा घाव एकाच ठेक्यात येतात. त्या वादनात युद्धाइतकाच आवेश आहे हे खरे, पण कधी काळी या माणसाच्या घरात संगीत होते, संसार होता, हेही तिथेच कळते. हा पांढरा ठिपका कोणी त्याच्यावर रंगवलेला नाही. सगळीकडून शाई पसरत आली आणि तेवढा कागद तिच्यातून वाचला. पुढे तोही वाचतो की नाही, ते सांगत नाही.

तोतयाचे उलट आहे. तो मुळात कोरा कागद आहे. त्याला राज्य नको, शहर नको; त्याला आपल्या गावी आईकडे परतायचे आहे, आणि काम फत्ते झाले की मोकळे करू असे त्याला सांगण्यात आले आहे. त्याच्यातला काळा ठिपका दुसऱ्याने लावला आहे, आणि चित्रपटात तो लावतानाचे दृश्यही आहे. सेनापतीच्या छातीवर जशी जखम आहे तशीच जखम तोतयाच्या छातीवर हवी, नाहीतर शंका येईल. म्हणून सेनापती स्वतः पाते घेऊन त्याच्या छातीवर ती कोरतो. तोतया ओठ घट्ट मिटून उभा असतो. कुंचला टेकवून एक टिंब द्यावे इतक्या सराईतपणे ते काम होते. मला या प्रसंगात किळस आली ती रक्ताची नव्हे, त्या सफाईची. आणि इथून पुढे हा भोळा माणूस जे जे शिकत जातो, गप्प राहणे, वेळ पाहणे, खोटे निर्विकार चेहऱ्याने बोलणे, ते सगळे त्या टिंबातून कागदावर झिरपत गेलेल्या शाईसारखे पसरते. शाईचे टिंब ओल्या कागदावर दिले तर ते टिंब राहत नाही, हे कुठल्याही चित्रकाराला ठाऊक असते. सेनापतीला ते ठाऊक नव्हते, किंवा कागद ओला आहे हे त्याच्या लक्षात आले नाही.

बाकीच्या पात्रांविषयी थोडक्यात. राजा छचोर, भित्रा आणि चैनी दिसतो. दरबारात काळ्या अक्षरांनी भरलेले पातळ पडदे लोंबत असतात आणि त्यांच्या आडून तो कोण काय बोलते ते पाहत असतो. त्याच्या मूर्खपणाच्या पोटात धूर्तपणा आहे हे उशिरा कळते, आणि कळल्यावर आधीची सगळी दृश्ये मनात उलटी फिरवून पाहावी लागतात. त्याची बहीण, राजकन्या चिंगपिंग, तोंडाळ आणि तापट; तिला शत्रूच्या मुलाशी लग्नात देऊ करतात, तिकडून उत्तर येते की बायको म्हणून नको, उपपत्नी म्हणून चालेल, आणि ही मुलगी स्वतः सैन्याबरोबर निघते. पुरुषाच्या देहात बाईची चाल आणि बाईच्या देहात पुरुषाचा संताप अशी ती फेड आहे, पण राजकन्येला पटकथेने जागा कमी दिली आहे आणि तिची गोष्ट घाईत आटोपली आहे. यांग त्सांग मात्र मला अनपेक्षितपणे आवडला. सगळ्यांत उघडा, सगळ्यांत सरळ माणूस हाच. तो शब्द पाळतो, समोरून लढतो, आणि ज्या राज्याच्या बाजूने आपण चित्रपट पाहत असतो त्या राज्यात त्याच्याइतका स्वच्छ माणूस एकही नाही. खलनायक शोधत बसलेल्या प्रेक्षकाची इथे चांगलीच फजिती होते.

राहिली झ्याओ आय. तिला मी काळ्या माशात धरू की पांढऱ्या, याचा बराच विचार केला. तिने नवऱ्याला साथ दिली, कट राखला, छत्रीची चाल शिकवली. आणि लढाईच्या आदल्या रात्री ती तोतयाच्या खोलीत गेली, भिंतीआडून नवऱ्याचा डोळा पाहत असताना. तिला कुठल्याही एका बाजूला घातले की दुसरी बाजू खोटी पडते. शेवटी मला असे वाटू लागले, की ती दोन्ही माशांमधली ती वळणारी रेघ आहे. फळ्यावर आकृती काढताना मी ती रेघ शेवटी गडद करत असे, कारण रंग भरल्यावर ती दिसेनाशी होते. काळे संपते आणि पांढरे सुरू होते, इतकेच उरते. तरीही काळ्याची निम्मी कड तिची आहे आणि पांढऱ्याचीही निम्मी कड तिचीच आहे. दोन पुरुषांच्या या गोष्टीत तिला फार वाक्ये नाहीत, आणि तरी प्रत्येक वळण तिच्यापाशी येऊन घेतले जाते.

चित्रपट सुरू होतो तो तिच्यापासूनच. एका भल्या मोठ्या बंद दाराच्या फटीला डोळा लावून ती बाहेर पाहत उभी आहे. काय पाहते आहे, ते आपल्याला दाखवलेले नाही. मग सगळी कथा घडते, पाऊस पडत राहतो, माणसे मरतात, आणि अगदी शेवटी ती धावत पुन्हा त्याच दाराशी येते. आता आत काय घडले ते तिला माहीत आहे, बाहेर काय सांगितले जाणार तेही माहीत आहे, आणि खरे काय ते बोलू शकेल असे तिच्याखेरीज फारसे कोणी उरलेले नाही. ती फटीला डोळा लावते. प्रकाशाची एक बारीक उभी रेघ तिच्या चेहऱ्यावर पडते, अर्धा चेहरा उजळतो, अर्धा तसाच राहतो. हात दारावर आहे, श्वास जोरात चालला आहे. दार ती उघडते की नाही, हे कळण्याआधी पडदा काळा होतो.